ज्ञानकोशकार केतकर आणि माझे पाच लेख

बी. ए. द्वितीय वर्ष

गेल्या वर्षीच्या दिवाळीनंतरची गोष्ट. मानसशास्त्राच्या सरांनी आम्हां विद्यार्थ्यांना एक काम दिले. प्रत्येकाने एक विषय निवडावा, संशोधन-नियतकालिकांतून त्या विषयावरचे पाच लेख शोधावेत आणि त्यांचे सार वहीत लिहून आणावे. लेख शोधण्यासाठी सरांनी संगणकावर सायकइन्फो नावाची सूची उघडून दाखविली. जगभरच्या मानसशास्त्रीय नियतकालिकांतील लेखांची नोंद तीत असते. वर एक रिकामी चौकट. तीत शब्द लिहायचा, की खाली लेखांची यादी येते. सरांनी एक शब्द लिहिला आणि यादी सरसर आली. किती सोपे, असे आम्हां सर्वांना वाटले.

मी विषय घेतला परीक्षेची भीती. त्यासाठी मला दूर जावे लागले नाही. दहावीच्या गणिताच्या पेपरला माझा हात इतका थरथरला होता, की पहिली दहा मिनिटे आकडेच उमटेनात. ही भीती काय असते, ती सर्वांना सारखीच वाटते की काय, हे मला खरोखरच जाणून घ्यायचे होते.

माझी पाळी आली तेव्हा मी चौकटीत मराठीत भीती असे लिहिले. काहीही आले नाही. मग खिशातल्या कोशातून इंग्रजी शब्द जुळवले, फिअर ऑफ एक्झामिनेशन. आता यादी आली, पण तीत दातांच्या दवाखान्याची तपासणी, बायकांची तपासणी, रुग्णाची भीती असे काहीबाही! एक्झामिनेशन म्हणजे तपासणीसुद्धा, हे माझ्या ध्यानातच आले नव्हते. दोन पाळ्या अशाच गेल्या. मैत्रिणींच्या वह्यांत तीन-तीन लेख उतरले होते, माझी वही कोरीच.

मी सालेकसा तालुक्यातून रोज गाडीने गोंदियाला येते. बाबा राईस मिलमध्ये पोती वाहतात, आई रोवणीच्या दिवसांत दुसऱ्यांच्या बांधीत जाते. घरात सातवीच्या पुढे कुणी गेलेले नाही. त्यामुळे असे काही अडले की घरी विचारता येत नाही. त्या संध्याकाळी गाडीत बसल्याबसल्या मी ठरवून टाकले, की मानसशास्त्र आपल्यासाठी नाही. पुढच्या वर्षी विषय बदलून घ्यावा.

दुसऱ्या दिवशी मानसशास्त्राचे पुस्तक परत करायला ग्रंथालयात गेले. मुदत संपण्याआधीच पुस्तक का परत करते, असे ग्रंथपाल सरांनी विचारले. मी सांगितले. ते काही बोलले नाहीत. मागच्या कपाटातून त्यांनी बांधणी सैल झालेले काही जाड ग्रंथ काढून टेबलावर ठेवले आणि त्यांत आपला जिल्हा शोधून दाखव म्हणाले. मी ग वर गेले. गोंदिया जिल्हा कुठेच नव्हता. सर हसले. ग्रंथ १९२० च्या दशकातले, आणि गोंदिया जिल्हा भंडाऱ्यातून वेगळा निघाला तो १ मे १९९९ रोजी! मग मी भ काढले, आणि भंडारा जिल्ह्याच्या नोंदीत आमचा मुलूख मला भेटला. आपल्याजवळ जो शब्द आहे तो घेऊन ग्रंथाकडे गेलो तर तो दार उघडेलच असे नाही. ग्रंथाने वस्तू ज्या शब्दाखाली ठेवली असेल, तो शब्द आधी शोधावा लागतो. इतकी साधी गोष्ट मला तोवर कुणी सांगितली नव्हती.

ते ग्रंथ म्हणजे महाराष्ट्रीय ज्ञानकोश, आणि ते करणारे डॉ. श्रीधर व्यंकटेश केतकर. नाव मी ऐकले होते, स्पर्धा परीक्षेच्या पुस्तकात एका ओळीत वाचलेही होते. त्या दिवसापासून मात्र मी त्यांच्याविषयी मिळेल ते वाचू लागले. त्यांचे चरित्र या अंकात थोडक्यात मांडावे, असे मनात आले. त्यात माझी गोष्ट अधूनमधून डोकावेल, त्याबद्दल वाचकांनी क्षमा करावी.

केतकरांचा जन्म २ फेब्रुवारी १८८४ रोजी रायपूर येथे झाला. मला याचे फार अप्रूप वाटले. मी ज्या रेल्वेमार्गाने कॉलेजला येते, त्याच मार्गावर पूर्वेकडे डोंगरगड, राजनांदगाव, दुर्ग आणि पुढे रायपूर. त्या काळी रायपूर आणि आमचा भंडारा हे दोन्ही जिल्हे मध्य प्रांतात होते. मराठीतील पहिला मोठा ज्ञानकोश रचणारा पुरुष पुण्यामुंबईकडे नव्हे, तर आमच्याच रुळांच्या एका टोकाला जन्मला होता. शालेय शिक्षण अमरावतीला झाले. पुढे मुंबईच्या विल्सन महाविद्यालयात ते शिकले, आणि १९०६ साली, वयाच्या बाविसाव्या वर्षी, अमेरिकेला गेले.

अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यातील इथाका या गावी कॉर्नेल विद्यापीठ आहे. तेथे केतकरांनी अभ्यासाला विषय घेतला तो आपल्याच समाजातला, जातिसंस्थेचा. हिंदुस्थानातील जातींचा इतिहास सांगणाऱ्या त्यांच्या इंग्रजी ग्रंथाचा पहिला भाग १९०९ साली इथाकालाच छापला गेला आणि दुसरा १९११ साली लंडनला. त्याच १९११ साली त्यांना पीएच. डी. मिळाली. घरापासून हजारो मैलांवर जाऊन त्यांनी शोधली ती घरचीच गोष्ट. हे वाचताना मला माझा परीक्षेच्या भीतीचा विषय आठवला आणि थोडा धीर आला.

या ग्रंथाची एक हकीकत येथे सांगितलीच पाहिजे. ९ मे १९१६ रोजी न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात भीमराव आंबेडकर नावाच्या पंचवीस वर्षांच्या विद्यार्थ्याने जातिसंस्थेवर एक निबंध वाचला. आधीच्या विद्वानांनी जातीच्या ज्या व्याख्या केल्या होत्या, त्या त्याने एकेक करून तपासल्या. त्यांत सेनार, नेसफील्ड, रिस्ले या साहेबांबरोबर केतकरही होते. एकेक जात सुटी न पाहता केतकर ती जातींच्या सबंध व्यवस्थेत पाहतात, ही गोष्ट आंबेडकरांना मोलाची वाटली. पण त्यांनी केतकरांची व्याख्या जशीच्या तशी स्वीकारली नाही. बाहेर लग्न करण्याची बंदी आणि जन्माने मिळणारे सभासदत्व ही दोन लक्षणे केतकरांनी वेगळी सांगितली होती. ती एकाच गोष्टीच्या दोन बाजू आहेत, असे त्यांनी दाखवून दिले. सर आम्हांला पाच लेख का शोधायला लावतात, हे मला येथे कळले. आधी कुणी काय म्हटले आहे ते शोधायचे, ते नीट वाचायचे, त्यातले पटेल ते घ्यायचे, आणि न पटेल तेथे कारण देऊन थांबायचे. आधीचे सापडलेच नाही, तर पुढचे कोठून सुरू करणार?

लंडनमध्ये काही काळ काढून केतकर १९१२ साली परतले. काही दिवस त्यांनी कलकत्ता विद्यापीठात अध्यापन केले. परदेशी पदवी मिळविलेल्या माणसाला सुखाची नोकरी करता आली असती. पण त्यांच्या मनाने वेगळेच घेतले होते. जगातील ज्ञान मराठीत आले पाहिजे, अकारापासून क्रमाने लावले गेले पाहिजे आणि मराठी वाचणाऱ्या कुणालाही ते काढून पाहता आले पाहिजे, या ध्यासाने ते झपाटले.

आणि हे काम सुरू झाले कोठे, तर नागपूरला! १९१५-१६ च्या सुमारास त्यांनी ज्ञानकोश मंडळ लिमिटेड ही कंपनी उभारली. पाठीशी राजाश्रय नव्हता, विद्यापीठही नव्हते. दुकानाचे किंवा गिरणीचे विकावेत तसे ज्ञानकोशाचे भाग विकायचे, वर्गणीदार मिळवायचे, त्या पैशातून लेखक बसवायचे आणि छापखाना चालवायचा, असा तो खटाटोप होता. त्यासाठी केतकर गावोगाव हिंडले. जे पुस्तक अजून लिहिलेलेच नाही, त्याचे पैसे आधी मागायचे! किती लोकांनी दारातून परत पाठविले असेल, याची कल्पनाच करावी. पुढे काम पुण्याला हलले.

पहिला विभाग १९२० साली बाहेर पडला आणि ते दशक संपण्याच्या आत एकूण तेवीस विभाग पुरे झाले. त्यांची रचना मोठी विचारपूर्वक केलेली आहे. पहिले पाच विभाग प्रस्तावनाखंडाचे. हिंदुस्थान आणि जग, वेदविद्या, बुद्धपूर्व जग, बुद्धोत्तर जग, विज्ञानाचा इतिहास असे मोठमोठे विषय त्यांत सलग सांगितले आहेत. सहाव्यापासून एकविसाव्यापर्यंत अकारविल्हे नोंदी. बाविसावा विभाग सूचीचा, आणि तेविसावा हिंदुस्थानाविषयीचा.

माझे लक्ष वेधून घेतले ते या बाविसाव्याने. नोंदी अकारविल्हे लावलेल्याच आहेत, तर पुन्हा सबंध विभागभर सूची कशाला? मी ग्रंथपाल सरांना विचारले. त्यांनी धानाचे उदाहरण दिले. समजा, तुला धानाविषयी जे जे लिहिले आहे ते सर्व हवे आहे. धानाच्या नोंदीत पिकाची माहिती मिळेल. पण धान शेतीच्या लेखात आहे, व्यापाराच्या लेखात आहे, एखाद्या जिल्ह्याच्या वर्णनात आहे, एखाद्या सणाच्या माहितीत आहे. ते सगळे शोधायला तू एकवीस ग्रंथ पानोपान वाचणार काय? सूची करणाऱ्याने तुझ्यासाठी ते आधीच वाचलेले असते. कोणती वस्तू कोठे दडली आहे, त्याच्या खुणा त्याने एके ठिकाणी लिहून ठेवलेल्या असतात. हे काम दिसत नाही आणि त्याबद्दल कुणी टाळ्याही वाजवत नाही. पण ते केले नाही, तर लिहिलेले असूनही नसल्यासारखेच.

या सर्व कामात केतकरांना तरुण सहकारी लाभले. यशवंत रामकृष्ण दाते आणि चिंतामण गणेश कर्वे ही त्यांतली दोन नावे. ज्ञानकोशाच्या मांडवात तयार झालेल्या या मंडळींनीच पुढे १९३२ पासून महाराष्ट्र शब्दकोशाचे विभाग काढले. एका कोशातून दुसरा कोश जन्मला, असे म्हणायला हरकत नाही.

१९२७ साली केतकरांनी या खटाटोपाची हकीकत ‘माझे बारा वर्षांचे काम’ या पुस्तकात लिहिली. आणि योगायोग असा, की त्याच १९२७ साली अमेरिकेत मानसशास्त्रज्ञांच्या संघटनेने वॉल्टर हंटर यांच्या संपादकत्वाखाली एक नियतकालिक सुरू केले. त्यात स्वतंत्र लेख नसत. इतरत्र छापलेल्या मानसशास्त्रीय लेखांचे चार-सहा ओळींचे सार आणि विषयवार सूची, एवढेच त्यात असे. नाव होते सायकॉलॉजिकल अ‍ॅबस्ट्रॅक्ट्स. १९६७ पासून त्यातील नोंदी संगणकावर जाऊ लागल्या. १९७४ साली कोणत्या गोष्टीला कोणता शब्द वापरायचा, हे ठरवून देणारा पारिभाषिक कोश निघाला. २००६ साली छापील अंक थांबला आणि संगणकावरची सूची तेवढी राहिली. सरांनी उघडून दाखविलेली सायकइन्फो ती हीच! जिच्यापुढे मी दोन पाळ्या हताश होऊन बसले होते, ती काही जादूची चौकट नव्हती. ती कुणीतरी बसून, वाचून, शब्द ठरवून केलेली सूची होती, आमच्या कपाटातल्या बाविसाव्या विभागाची दूरची बहीणच.

मग मी पुन्हा पाळी मागून घेतली. या वेळी आधी पारिभाषिक शब्द पाहिला. परीक्षेच्या भीतीला तेथे टेस्ट अँक्झायटी म्हणतात. तो शब्द लिहिताच दवाखाने नाहीसे झाले आणि खरी यादी आली. ती फार मोठी होती. मग सरांनी दोन शब्दांमध्ये अँड घालायला शिकविले. अँड घातले की दोन्ही शब्द ज्यात आहेत तेवढेच लेख येतात, यादी आखूड होते. ऑर घातले की दोहोंपैकी कोणताही असलेले येतात, यादी वाढते. मी टेस्ट अँक्झायटीपुढे अँड घालून इंडिया लिहिले, आणि अर्ध्या तासात माझे पाच लेख मिळाले. त्यांतले दोन पूर्ण वाचता आले. उरलेल्या तिहींना पैसे लागत होते, म्हणून सारावर भागविले.

त्या पाचांपैकी एका लेखाच्या खाली विषयदर्शक शब्दांच्या ओळीत फर्स्ट जनरेशन कॉलेज स्टुडंट्स असे होते. घराण्यात पहिल्यांदाच कॉलेजात आलेले विद्यार्थी. मी तो शब्द कितीतरी वेळ पाहत राहिले. माझ्या अवस्थेला नाव होते! कुणी दूरदेशी माझ्यासारख्यांना प्रश्न विचारून, त्यांची उत्तरे मोजून लेख लिहिले होते. घरी विचारता येत नाही, ही माझ्या एकटीची उणीव नव्हती. ग्रंथपाल सरांकडे परत केलेले पुस्तक मी त्याच संध्याकाळी पुन्हा माझ्या नावावर लिहून घेतले.

केतकरांचे पुढचे आयुष्य मात्र सुखाचे गेले नाही. लंडनमध्ये त्यांची ओळख इडिथ कोहन या ज्यू तरुणीशी झाली होती. १९२० साली त्यांचा विवाह झाला. त्याआधी व्रात्यस्तोम विधी करून केतकरांनी त्यांना हिंदू करून घेतले आणि त्या शीलवतीबाई झाल्या. जातीवर ग्रंथ लिहिणाऱ्या माणसाने आपल्या घरात केलेला हा प्रयोग त्या काळी किती गाजला असेल! शीलवतीबाई स्वतः विदुषी होत्या. विंटरनिट्झ या पंडिताचा भारतीय वाङ्मयाचा इतिहास त्यांनी जर्मनमधून इंग्रजीत आणला. कलकत्ता विद्यापीठाने त्याचा पहिला खंड १९२७ साली प्रसिद्ध केला. पुढे त्यांनी ‘मीच हे सांगितलं पाहिजे’ या नावाने आपल्या आठवणी लिहिल्या.

ज्ञानकोश पुरा झाला, पण केतकरांच्या हाती पैसा उरला नाही. गुजराती ज्ञानकोशाचा त्यांनी घातलेला घाट फार पुढे गेला नाही. त्यांनी कादंबऱ्या लिहिल्या. ‘ब्राह्मणकन्या’ गाजली. १९२६ च्या एका कादंबरीचे तर नावच ‘गोंडवनातील प्रियंवदा’. १९३१ साली हैदराबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद त्यांना मिळाले. १९३५ साली प्राचीन महाराष्ट्रावरचा ग्रंथ आला. मान मिळाला, पण ओढगस्त सुटली नाही. १० एप्रिल १९३७ रोजी, वयाच्या अवघ्या त्रेपन्नाव्या वर्षी, पुण्यात त्यांचे निधन झाले.

केतकरांचे सर्वच मला पटते असे नाही. भंडारा जिल्ह्याची नोंद वाचताना मला जाणवले, की अशा नोंदींना इंग्रजी गॅझेटियरचा आधार आहे. साहेबाने जे पाहिले तेच मराठीत आले. आमच्या भागातले गोंड, हलबा तेथे वर्णनाचे विषय आहेत. त्यांना काय म्हणायचे होते, ते तेथे नाही. अमेरिकेच्या सूचीतही तीच उणीव मला दिसली. पाच लेख मिळाले, पण मराठी माध्यमातून शिकून अचानक इंग्रजी पुस्तकांपुढे बसलेल्या मुलीची भीती त्यांत कुठे सापडली नाही. ज्याची नोंद कुणी केली नाही, ते कितीही चांगला शब्द लिहिला तरी सापडायचे कसे? केतकर ओरडत बसले नाहीत, त्यांनी नोंदी करायला घेतल्या. हे मात्र मला पुरतेपणी पटले.

म्हणून आम्ही तीन मैत्रिणींनी एक लहानसे काम केले. ग्रंथालयात आपल्या वार्षिकांकाचे जुने अंक धूळ खात पडले होते. रोज दुपारच्या सुटीत बसून आम्ही ते वाचले आणि प्रत्येक लेखासाठी पुठ्ठ्याची चिठ्ठी केली. लेखाचे नाव, अंकाचे वर्ष, पान आणि विषय. आरंभीच अडचण आली. एका जुन्या अंकात एका विद्यार्थ्याने धानाच्या रोवणीवर फार सुंदर लेख लिहिला आहे. तो कोणत्या शब्दाखाली लावायचा? पुस्तकात भातलावणी म्हणतात, आमच्याकडे रोवणी म्हणतात. आम्ही बराच वेळ वाद घातला. शेवटी चिठ्ठी रोवणीखाली ठेवली, आणि भातलावणीच्या जागी दुसरी चिठ्ठी लावून तीवर रोवणी पाहा असे लिहिले. परीक्षेच्या भीतीसाठीही एक चिठ्ठी केली आहे. तिच्याखाली सध्या एकच कविता आहे.

चिठ्ठ्यांची ती पेटी ग्रंथपाल सरांच्या टेबलाशेजारी आहे. या अंकातले लेख तीत घालायचे राहिले आहेत. ज्या मित्रमैत्रिणींना सवड असेल त्यांनी दुपारच्या सुटीत यावे. कुणाच्या गावचा, कुणाच्या बोलीतला शब्द सुटला असेल, तर त्याची चिठ्ठी आपल्या हाताने लिहून पेटीत ठेवावी.